नॉर्मलबाई

सकाळी सातच्या ठोक्याला लॅबचं शटर वर जायचं आणि सव्वासातला बाकावर दहा-बारा माणसं दाटीवाटीने बसलेली असायची. सगळी उपाशीपोटी आलेली, म्हणून सगळीच करवादलेली. कुणाला चहाची तल्लफ, कुणाला कामावर पोहोचायची घाई. त्या प्रत्येकाच्या दंडाला रबरी पट्टा बांधायचा, शीर चाचपायची, सुई टोचायची, नळ्या भरायच्या आणि नावाची लेबलं चिकटवायची, हे काम धाकटीचं. घरातली धाकटी सून, म्हणून धाकटी. हात असा हलका की रडकी पोरंसुद्धा 'झालं एवढ्यात?' म्हणून बघत राहायची.

त्या सोमवारी मात्र तिच्याच्याने पट्टा आवळेना. आठ तास अंथरुणात पडून उठली होती, तरी रात्रभर कुणी कुटून काढल्यासारखं अंग. मान अवघडलेली, खांदे भरून आलेले, कंबरेपासून पोटऱ्यांपर्यंत ठणका, आणि बोटांना तर सुईचं झाकणसुद्धा जड. सातवा माणूस उठला, आठवा बसला, आणि त्याची भरलेली काचेची नळी तिच्या बोटांतून सुटून फरशीवर फुटली.

"वा!" काउंटरमागून सासऱ्यांचा आवाज आला. "नॉर्मलबाई, जाग्या आहात ना? की झोपेतच टोचताय?"

बाकावरची दोन-चार माणसं हसली. ज्याचं रक्त सांडलं तो हसला नाही. त्याला पुन्हा टोचून घ्यायचं होतं. धाकटी चिमट्याने काचा गोळा करायला वाकली. तोंडातून 'आई गं' निघत होतं, ते तिने दातांखाली धरलं. त्या घरात 'आई गं' म्हणायलाही पुरावा लागत असे.

हे नॉर्मलबाई नाव तिला कसं पडलं ते सांगायलाच हवं, कारण त्या घराची सगळी तऱ्हा त्या एका नावात आली.

लॅब खाली, घर वर. सासरे चाळीस वर्षं लोकांचं रक्त तपासत आलेले. सगळे त्यांना 'रिपोर्टवाले' म्हणत. माणूस कामाला चोख, आयुष्यात कधी आकडा इकडचा तिकडे केला नाही. पण आकड्यांकडे बघून बघून माणसाच्या तोंडाकडे बघायची त्यांची सवयच मोडली होती. घरात कुणी 'मला बरं वाटत नाही' म्हटलं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं. "खाली जा, रक्त दे, कागद आण." कागद आला की जेवणाच्या टेबलाशेजारच्या फळ्यावर टाचणीने लागायचा. आकडा बिघडलेला असला, तर सगळं घर त्या माणसाला तळहातावरच्या फोडासारखं जपायचं. सासूबाईंच्या गुडघ्यांची झीज एक्स-रेत दिसली, त्या दिवसापासून त्यांना स्वयंपाकघरात उंच स्टूल मिळालं आणि ओझं उचलणं बंद झालं. थोरल्या जावेचा थायरॉईड वर गेला, तिला जिना माफ झाला. आणि आकडा बरोबर आला तर? तर माणूस खोटा. त्यावर अपील नाही.

तीन वर्षांत धाकटीचे एकोणीस कागद त्या फळ्यावर लागले. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, जीवनसत्त्वं, संधिवाताच्या तपासण्या, सूज दाखवणाऱ्या तपासण्या. सगळ्यांखाली रिपोर्टवाल्यांची वळणदार सही आणि वर एकच शब्द, 'नॉर्मल'.

"एकोणीस वेळा नापास झालीस गं तू आजारपणात," थोरली फळ्यासमोर उभी राहून म्हणाली, आणि सगळं टेबल खो खो हसलं. त्या दिवसापासून ती नॉर्मलबाई. आणि ज्या बाईला काही झालेलंच नाही, तिने सगळं करायचं, हा तर साधा हिशेब. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे कॅन वर आणायचे तिने. ओल्या चादरी पिळायच्या तिने, कणकेचा गोळा तिंबायचा तिने, सकाळची लॅब तिची, दुपारची भांडी तिची. संध्याकाळी जरा टेकली की सासूबाई स्टुलावरून म्हणायच्या, "बसलीस का? तुला काय झालंय बसायला?"

त्या सोमवारनंतर एके दिवशी व्हायचं ते झालं. दोन माणसांच्या नळ्या समोर होत्या आणि डोक्यात नुसतं धुकं. हिची चिठ्ठी त्याला, त्याची हिला. यंत्रात जाण्याआधी तिच्याच लक्षात आलं आणि तिने लेबलं बदलली. कुणाला कळलंसुद्धा नाही. पण तिच्या पायाखालची जमीन सरकली. आपलं दुखतं ते दुखू दे, पण आपल्यामुळे भलत्याच माणसाला भलतं औषध गेलं असतं तर? त्याच दुपारी घरात न सांगता, मुलीला शाळेतून आणायला जाते म्हणून ती लवकर निघाली आणि वाटेतल्या संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसली.

डॉक्टरीणबाईंनी एकोणीस कागदांच्या प्रतींची पिशवी बाजूला ठेवली. "कागद मी बघीनच. आधी तुम्ही बोला."

बोला! तीन वर्षांत तिला कुणी बोला म्हटलं नव्हतं. मग सुरू झाली ती थांबेना. दुखणं कुठे-कुठे, किती दिवस, झोपून उठलं तरी झोपल्यासारखं वाटत नाही, साधा आवाज कानठळ्या बसवतो, नावं विसरते. लेबलांचं सांगताना तिला रडू कोसळलं. डॉक्टरीणबाईंनी रडू दिलं, मग नीट तपासलं, कागद एकेक करून पाहिले.

"याला फायब्रोमायॅल्जिया म्हणतात," त्या म्हणाल्या. "दुखण्याची बातमी मेंदूकडे नेणारी जी यंत्रणा आहे ना, तिचा आवाज कुणीतरी मोठा करून ठेवलाय असं समजा. बारीकसं काही झालं तरी ती बोंबलते. हा रक्तात दिसत नाही. तुमच्या तपासण्या नॉर्मल आल्या याचा अर्थ दुसरा काही आजार नाही, एवढाच. तुम्ही खोटं बोलताय, असा होत नाही."

त्यांनी आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं, झोपेसाठी हलकं औषध दिलं, रोजचं चालणं सांगितलं आणि एक चिठ्ठी दिली ती हातांनी अंग मोकळं करणाऱ्या ऑस्टिओपॅथबाईंच्या नावाची.

धाकटी हरखून घरी आली. अखेर कागद मिळाला होता! रात्रीच्या जेवणाला तिने तो सासऱ्यांपुढे ठेवला. रिपोर्टवाल्यांनी चष्मा लावला, कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि टेबलावर टाकला.

"यात आकडा कुठाय?"

"बाबा, आकडा नसतो यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"म्हणाल्या! म्हणायला काय, मीही म्हणेन. आकडा नाही तो रिपोर्ट नाही." आणि शेजारी बसलेल्या मुलाकडे, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याकडे बघून, "काय रे, खरं की नाही?"

नवरा लॅबच्या मागच्या खोलीत यंत्रावर काम करायचा. दिवसभर यंत्र जे सांगेल ते लिहायचं आणि संध्याकाळी वडील जे सांगतील त्याला मान हलवायची. त्याने मान हलवली. तो कागद काही फळ्यावर लागला नाही.

तरीही धाकटी ऑस्टिओपॅथबाईंकडे गेली. दर गुरुवारी चार वाजता, चालत दहा मिनिटांवर, एका शिंप्याच्या दुकानावरची खोली. बाई उंच, केस पिकलेल्या, बोलायला सडेतोड. त्यांनी धाकटीला उताणं झोपवलं आणि मानेखाली दोन्ही हात नुसते ठेवले. दाबणं नाही, कडकड मोडणं नाही. धाकटी आपली अंग चोरून वाट बघतेय, आता दुखेल, मग दुखेल.

"श्वास सोडा," बाई म्हणाल्या. "का धरून ठेवलाय? इथे कुणी ओरडणार नाही."

मग हळूहळू फासळ्या, पाठ, कंबर. जिथे अंग ताठरलेलं तिथे हात थांबायचा आणि ते सैल होईपर्यंत हलायचा नाही. अर्ध्या तासाने धाकटी उठून बसली तेव्हा मान दोन्हीकडे वळत होती. ती बघतच राहिली.

"लगेच हुरळून जाऊ नका," बाईंनी दटावलं. "मी जादूगार नाही. माझ्या हातांनी काही जणांना आराम पडतो, काहींना नाही पडत. आणि हा आजार मुळासकट घालवतो असं कुणी म्हणालं, तर चपला घालायच्या आणि तिथून निघायचं. मी अंग मोकळं करीन, बाकी सगळं तुमच्याकडे. झोपायची वेळ ठरलेली, उठायची वेळ ठरलेली. रोज दहा मिनिटं चालायचं, दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवायची, जास्त नाही. काम वीस मिनिटं, मग पाच मिनिटं टेकायचं, दुखो न दुखो. आणि सगळ्यात मोठं पथ्य सांगते. बरं वाटलं त्या दिवशी हपापल्यासारखी कामं उपसायची नाहीत."

"बरं वाटतं त्याच दिवशी तर साठलेली उरकते हो मी."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

दुसऱ्या दिवशी ती मेलेली असायची.

हे पथ्य ऐकायला सोपं, पण त्या घरात पाळणं म्हणजे वाघाच्या पिंजऱ्यात बसून जप करणं! ती वीस मिनिटांनी खुर्चीवर टेकली की सासूबाई भांडं आपटायच्या. रोज सकाळी लॅबआधी ती दहा मिनिटं चालून यायची, तर थोरली खिडकीतून हाक मारायची, "आल्या का राणीसाहेब फेरफटका मारून?" ऑस्टिओपॅथबाईंचं नाव त्यांनी 'मालिशवाली' ठेवलं. गुरुवारी चार वाजले की कुणाला तरी नेमका चहा हवा असायचा, कुणाची तरी गोळी सापडत नसायची. पाण्याचा कॅन ती उचलेना, अर्धा रिकामा करून दोनदा नेई, तर रिपोर्टवाले जिन्यात उभे राहून बघत. मदतीला हात पुढे केला नाही कधी. नुसते बघत.

आणि गंमत म्हणजे, धाकटीला उतार पडत होता. पूर्ण नाही, पण पडत होता. पाचव्या आठवड्यात ती एकदा रात्री सलग झोपली आणि सकाळी अंथरुणात बसून आपलेच हात बघत राहिली. दहा वर्षांच्या लेकीची वेणी तिने एका दमात घातली. लॅबमध्ये नळी हातून सुटली नाही. दुसऱ्या एखाद्या घरात हे बघून कुणी म्हटलं असतं, चला, बरं झालं. इथे काय म्हणावं? "बघा, इंजेक्शन नाही, सलाईन नाही, नुसता हात लावला आणि उठून चालायला लागली! म्हणजे झालेलंच नव्हतं काही." दुखत होतं तेव्हा ढोंग, थांबलं तेव्हाही ढोंगच. बाईने करावं तरी काय, सांगा!

दहाव्या आठवड्यातल्या रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, रिपोर्टवाल्यांनी बैठक बोलावली. धाकटीला तेव्हाच कळलं की तिच्या वडिलांनाही बोलावणं गेलं होतं. ती त्यांना अप्पा म्हणायची. अप्पा घड्याळं दुरुस्त करायचे. आयुष्यभर मान खाली घालून बारीक चाकं बघितलेला माणूस, व्याह्यांसमोरही त्यांची मान खालीच. लेकीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि नजर चुकवली. टेबलाभोवती सगळे बसले. धाकटीला खुर्ची उरली नव्हती, ती उभी राहिली.

रिपोर्टवाल्यांनी एक लिहिलेला कागद पुढे सरकवला. 'माझी प्रकृती नॉर्मल आहे. मी यापुढे कोणतेही बाहेरचे उपचार घेणार नाही. घरातील व लॅबमधील काम पूर्वीप्रमाणे नियमित करीन.' खाली सहीसाठी रेघ.

"सही करायची," ते म्हणाले. "नाहीतर वडील आलेच आहेत. माहेरी जाऊन काय मालिश करायची ती करा. मुलगी इथे राहील, तिची शाळा आहे."

मुलगी इथे राहील, हे शब्द धाकटीच्या कानात उकळत्या तेलासारखे गेले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो टेबलावरचा बारीकसा डाग नखाने खरवडत होता.

"आणि आम्ही पुराव्याशिवाय बोलत नाही," रिपोर्टवाले म्हणाले. "थोरले, काढ."

थोरलीने एक लांबट वही काढली. लॅबमध्ये नमुन्यांच्या नोंदीला असते तशीच, आखीव रकान्यांची. तारीख, वेळ, निरीक्षण, शेरा. नऊ आठवडे तिने डोळ्यांत तेल घालून धाकटीवर पाळत ठेवली होती आणि सासऱ्यांच्या हुकमाने सगळं टिपलं होतं. अशी पाळत ठेवायची बुद्धी इतरांनाही होते, पण तिचा तक्ता आखायची बुद्धी त्याच घराला व्हावी!

थोरली वाचायला लागली. "सोमवार, सकाळी दहा. सगळे पडदे उतरवून धुतले. मुलीबरोबर हसत होती. शेरा, ठणठणीत. मंगळवार, सात. हाका मारूनही उठेना. जिन्यात बसली. शेरा, सोंग. बुधवार. बरणीचं झाकण उघडेना, मुलीकडून उघडून घेतलं. सोंग. गुरुवार, चार. मालिश. शुक्रवार. चादरी एकटीने पिळल्या. ठणठणीत. शनिवार. ताप नसताना आडवी. सोंग."

"ऐकताय ना अप्पासाहेब?" सासूबाई म्हणाल्या. "एक दिवस उड्या, दोन दिवस अंथरूण. आजारी माणूस असं वागतं?"

अप्पांनी मान आणखी खाली घातली. धाकटी आधी लाजेने लाल झाली होती. आपण झाकण उघडू शकलो नाही हेसुद्धा कुणीतरी लिहून ठेवत होतं, या विचाराने तिला कसंतरीच झालं. पण थोरली वाचत गेली तशी तिच्या लक्षात काहीतरी येऊ लागलं. तिने पुढे होऊन वही ओढून घेतली. पानं उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली. वीस हजार रिपोर्ट डोळ्यांखालून गेलेली बाई ती. तक्ता वाचणं तिला कुणी शिकवायला नको होतं.

"बाबा," ती म्हणाली, "एखाद्या पेशंटची साखर तुम्हाला अशी दिसली असती, तर काय म्हणाला असतात?"

"विषय बदलू नकोस."

"नाही बदलत. ठणठणीतच्या दुसऱ्या दिवशी सोंग. नऊ आठवड्यांत एकदाही चुकलेलं नाही. जितकं काम मोठं, तितकं सोंग लांब. पडदे धुतले, दोन दिवस. नुसती कणीक तिंबली, अर्धा दिवस. सोंग करणारी बाई इतकी नेमाने सोंग करते होय? आणि हे बघा, चौथ्या आठवड्यापासून मी मोठी कामं तुकडे करून करायला लागले. तिथून सोंग कमी होत गेलंय. दोन दिवस, एक दिवस, अर्धा दिवस. शेवटच्या आठवड्यात एकच नोंद आहे. ताई, अक्षर तुमचंच आहे ना?"

थोरलीने वहीकडे असं पाहिलं की जणू ती पहिल्यांदाच बघत होती. तिने प्रत्येक ओळ लिहिली होती, पण दोन ओळी एकत्र वाचल्या नव्हत्या.

नवऱ्याने वही आपल्याकडे घेतली. त्याच्या बोटाने रकान्यावरून खाली-खाली प्रवास केला. यंत्रावरचा माणूस, त्याला दिसलं. "बाबा," तो चाचरत म्हणाला, "हे खरंच, म्हणजे, ठरावीक पद्धतीने वर-खाली होतंय हे."

"तू गप्प बस!"

आणि तो गप्प बसला. डोळ्यांनी बघितलं, तोंडाने बोलायला सुरुवात केली, आणि चाळिशीला आलेला तो बाप्या बापाच्या एका शब्दाने मिटून बसला. धाकटीला त्या क्षणी सासऱ्यांपेक्षा त्याचाच जास्त राग आला.

"ही तपासणी नाही, नुसत्या नोंदी आहेत," रिपोर्टवाल्यांनी वही मिटली. चाळीस वर्षं ज्यांनी नोंदीवर जग तोललं, त्यांना आपल्याच घरची नोंद चालेना! "सही करणार की नाही?"

"अहो, पण ही अशी टेकत-टेकत राहणार असेल, तर कॅन कोण वर आणणार? चादरी कोण पिळणार? माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत," सासूबाई एकदम बोलून गेल्या.

बघा, पोटातलं ओठांवर आलं! आकडा, कागद, पुरावा हे सगळं वरचं होतं. खाली एवढंच होतं, की हिला आजारी मानलं तर कॅन कोण उचलणार. त्या घराला एक नॉर्मल बाई हवी होती. तिला खरंच काय होतंय हे बघणं त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून ते एकोणीस वेळा रक्त बघत राहिले.

"सही कर, पोरी," अप्पा खाली बघूनच म्हणाले. "मोडतोड नको. कागदच तर आहे."

धाकटीचे डोळे भरून आले. इतर सगळ्यांचं तिने सोसलं असतं.

"अप्पा, तुमच्याकडे बंद घड्याळ आलं, तर 'ते चालू आहे' असं लिहून देता का तुम्ही?" तिने विचारलं.

मग ती रिपोर्टवाल्यांकडे वळली. "सही करणार नाही. माहेरीही जाणार नाही, आणि मुलीला तर सोडून कुठेच नाही. सकाळची लॅब करीन, मधे टेकून करीन. स्वयंपाक करीन. कॅन उचलणार नाही, चादरी पिळणार नाही. सकाळी चालायला जाईन आणि गुरुवारी चारला उपचाराला जाईन. तुम्ही माझं खरं मानावं म्हणून तीन वर्षं रक्त दिलं बाबा, आता देणार नाही. तुमच्याकडून पास व्हायचंच नाहीये मला."

"काय तोंड सुटलंय!" सासूबाई.

"ज्या घरात राहतेस..." रिपोर्टवाले उठून उभे राहिले. त्यांनी तो कागद तिच्या दिशेने भिरकावला आणि ते खाली लॅबमध्ये निघून गेले. रविवार होता, लॅब बंद होती, तरी शटर उघडल्याचा आवाज आला.

त्यानंतरचे तीन दिवस त्या घरात धाकटीशी कुणी बोललं नाही. जेवताना तिचं ताट कुणी मांडलं नाही, ती खोलीत आली की बोलणं बंद. कॅन जिन्याच्या पायथ्याशी पडून राहिले. पहिल्या दिवशी तसेच, दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने एक कॅन खांद्यावर घेतला, धापा टाकत वर आणून आपटला आणि कुणाकडे न बघता परत खाली गेला. धाकटी रोज वीस मिनिटांनी टेकत राहिली. भीती वाटायचीच. ताणाने मान पुन्हा धरली होती, दोन रात्री झोप नव्हती. पण ती टेकत राहिली.

गुरुवार उजाडला. पावणेचार वाजता ती चपला घालत होती. रिपोर्टवाले लॅबच्या दारातच खुर्ची टाकून बसले होते, वाट अडवून म्हणा ना. ती जिना उतरली. मागोमाग मुलगी उतरली. शाळेतून येऊन तासभर झाला होता, पण दप्तर अजून खांद्यालाच.

"आई, मी पण येऊ?"

"कशाला? खेळ ना जाऊन."

मुलगी जवळ आली आणि कुजबुजली, "माझा कान दुखतोय."

धाकटीने तिच्या कानाला हात लावला, तशी पोर कळवळून मागे सरली. कान तापला होता, मागची बाजू सुजून लाल झालेली. "कधीपासून?"

"चार दिवस."

"चार दिवस! आणि बोलली नाहीस? मला सांगायचं नाही?"

मुलीने एकदा आजोबांकडे पाहिलं, मग आईकडे. "कानाचं रक्त काढतात का ते मला माहीत नव्हतं. आणि नॉर्मल आलं असतं तर?"

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. तिला यात विशेष काही वाटलंच नव्हतं. दहा वर्षांची ती पोर त्या घराचा कायदा व्यवस्थित शिकली होती.

रिपोर्टवाले रबरी पट्टा घेऊन खुर्चीतून उठले. "आण इकडे तिला. आधी रक्त घेऊ, बघू किती..."

"बाजूला व्हा बाबा," धाकटी म्हणाली.

ती ओरडली नाही. पण त्या आवाजात असं काही होतं की रिपोर्टवाले हातात पट्टा धरून उभेच राहिले. नातीच्या कानाकडे त्यांनी पाहिलं की नाही, कोण जाणे. खुर्ची त्यांनी सरकवली एवढं खरं.

रस्त्यावर येऊन धाकटीने ऑस्टिओपॅथबाईंना फोन केला, आज जमत नाही, उद्या येऊ का? "या," त्या म्हणाल्या, आणि कानाच्या डॉक्टरांचा पत्ताही त्यांनीच दिला. दवाखाना पंधरा मिनिटांवर होता. धाकटीने मुलीचं दप्तर घेतलं नाही, तिला ते झेपणारं नव्हतं. दोघींनी एकेक बंद धरला आणि दप्तर मधे लोंबकळत राहिलं.

"आता सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग. कसं दुखतं, कुठे दुखतं, सगळं."

"सगळं?"

"सगळं."

मुलगी आधी अडखळली. मग सांगायला लागली. रविवारी बैठक चालली होती तेव्हा मी दाराआड बसले होते ना, तेव्हा आधी नुसती खाज आली, मग आत कुणीतरी टकटक केल्यासारखं झालं, गिळताना जास्त, उशीवर ठेवला की आणखी जास्त, वर्गात बाई बोलतात ते एकाच बाजूने ऐकू येतं. एकदा सुरू झाली ती दवाखान्याच्या पायरीपर्यंत बोलतच राहिली, आणि आई तिच्याकडे तोंड करून चालत राहिली, मधे एकदाही बोलली नाही.